पाच तारखेचं पाकीट

माझा पगार किती, असं कोणी विचारलं की उत्तर देण्याआधी मी विचारणाऱ्याचं तोंड बघते. पासबुकात दर महिन्याला बत्तीस हजार जमा होतात. हातात चौदा राहतात. घरात सगळ्यांना बत्तीस माहीत होते, आणि ते त्यांना मीच कळू दिले होते.

मी सोलापूरबाहेरच्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सायन्स शिकवते. शाळा महापालिकेची हद्द संपल्यावर लागते, म्हणजे तालुक्यात मोडते. एक तारखेला पगार बँकेत येतो. पाच तारखेच्या आत त्यातले अठरा हजार काढायचे, पाकिटात घालायचे, पाकिटावर आपलं नाव लिहायचं आणि ऑफिसच्या खिडकीत द्यायचं. बदल्यात छापील पावती मिळायची : ‘शाळेच्या विकासासाठी स्वेच्छेने दिलेली देणगी.’ इंटरव्ह्यूच्या वेळी संस्थेचे सचिव इंग्रजीत एवढंच म्हणाले होते की इथे सगळा स्टाफ शाळेला थोडा हातभार लावतो. हातभार किती, ते पहिल्या महिन्याच्या तीन तारखेला कळलं. पाच तारखेला खिडकीसमोर रांग होती. सगळे उभे होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

तीन तारखेआधीच घरी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक तारखेला संध्याकाळी पप्पांनी बँकेचा मेसेज पाहिला आणि मावशीला फोन लावला.

पप्पा तीस वर्षं कापडाच्या एका पेढीवर हिशेब लिहितात. पीएफ नाही, पेन्शन नाही, आणि रजा मालकाच्या मर्जीवर. मावशी म्हणजे मम्मीची मोठी बहीण. ती वळसंगला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. काका लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याच गल्लीत राहते आणि रविवारी आमच्याकडे जेवते. त्या जेवणात सरकारी आणि खासगी हा विषय निघाला नाही, असा रविवार मला आठवत नाही.

“अक्का, या महिन्यात सुट्ट्या किती?” पप्पा सुरू करायचे.

“मोजा की दाजी. हिशेबाची सवय तुम्हाला.”

“मोजून दमलो. आता कामाचे दिवस मोजतोय, लवकर आवरतं.”

“या की एकदा वळसंगला. खिचडीचा तांदूळ मोजा, पोरांची आधार कार्डं जोडा, निवडणुकीच्या याद्या करा. मग वेळ उरला तर शिकवा.”

“अन् महागाई भत्ता?”

“तो खात्यावर कमी अन् तुमच्या डोळ्यांवर जास्त येतोय.”

दोघं हसायचे, पण पप्पांचं हसू आधी थांबायचं. मावशीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं बिल सरकारकडून मंजूर व्हायला दोन वर्षं लागली, तेव्हा पप्पा रोज विचारायचे, “आलं का?” बिल आलं त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला. त्यांच्या स्वतःच्या मोतीबिंदूसाठी त्यांनी पेढीतून उचल घेतली होती.

माझी शाळेची फीसुद्धा काही वर्षं मावशीनं भरली. वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा तिनं सोनं घेतलं नाही, माझी ॲडमिशन घेतली. मराठी शाळेतल्या बाईंच्या पगारावर मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि याचं आमच्या घरात कोणाला नवल वाटलं नाही. पप्पांचं गणित सरळ होतं : इंग्रजी आलं की पोरगी सरकारी नोकरीच्या मागे लागणार नाही, सरकारी नोकरीला मागे टाकेल.

म्हणून त्या एक तारखेला ते फोनवर विचारत होते, “अक्का, तुमचा पहिला पगार किती होता हो?”

मावशी तशीच चपला घालून आली. मोबाइल डोळ्यांजवळ धरून तिनं आकडा वाचला, माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाली, “हरले की हो दाजी मी.” पप्पांना इतकं ताठ उभं राहिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

दोन दिवसांनी मला खरा पगार कळला. तेव्हा सांगायला हवं होतं. पण पेढे खाऊन झाले होते. मी घरात दहा हजार देऊ लागले आणि बाकीचे आरडीत टाकते असं सांगू लागले. मी मुळातच कमी बोलते. त्यामुळे कोणी जास्त विचारलं नाही. लाजाळू माणसाचं खोटं फार काळ टिकतं, कारण त्याच्या गप्प बसण्याला लोक स्वभाव समजतात.

मे महिन्यात पगार यायचा नाही. एप्रिलअखेर प्रत्येकाला सेवा संपल्याचं पत्र मिळायचं आणि जूनमध्ये नवीन नेमणूकपत्र. मे महिन्यात मी माझ्या साठवणीतून घरी दहा हजार द्यायचे. मावशी तेव्हा भरपगारी सुट्टीत कुरडया घालत बसलेली असायची.

शाळेत सगळ्या ‘मॅडम’ होत्या. ‘बाई’ फक्त एक. त्या मराठी शिकवायच्या. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे मुलांनी इतर विषयांचा गृहपाठ उरकायचा तास असतो. बाईंना ते माहीत होतं आणि तरी त्या रोज फळ्यावर तारीख मराठीत, वळणदार अक्षरात लिहायच्या. मावशीच्याच वयाच्या. शाळेत एकोणीस वर्षं झाली होती.

त्यांची माझी ओळख झाली ती मला मराठी भाषा गौरव दिनाचं सूत्रसंचालन दिलं गेलं तेव्हा. मी लिहिलेला कागद वाचून त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवताय. आधी मनातल्या मनात बोला, मग लिहा.”

“मला मनातही नीट बोलता येत नाही, बाई.”

“मग हळू बोला. माझी आई तेलुगू, सासू तेलुगू, नवरा भांडतो तेही तेलुगूत. मला जमलं की.”

त्यानंतर मधल्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी डबा खाऊ लागले. त्यांचे यजमान यंत्रमागावर होते. आता दम लागतो म्हणून घरी असतात. घर भाड्याचं. बाई जूनमध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या होणार होत्या आणि त्यांनी ग्रॅच्युइटीसाठी अर्ज केला होता. निवृत्तीनंतर त्यांच्या घरात येणारं दुसरं काही नव्हतं. सचिवांनी त्यांना विचारलं, “तुमची सलग नोकरी आहेच कुठे?” कागदोपत्री बाईंनी एकोणीस वेळा दहा-अकरा महिने काम केलं होतं. मग बाईंनी शिक्षण विभागाकडे तक्रार केली. तक्रारीत त्यांनी दोन गोष्टी मांडल्या होत्या. दरवर्षी नोकरी खोटीच तोडतात, आणि सही होते तेवढा पगार हातात राहू देत नाहीत.

“माझ्या एकटीच्या शब्दावर काही होत नाही, मॅडम,” त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. “तिथले साहेब म्हणाले, अजून एकानं सांगितलं तरी पुष्कळ. तुम्ही आपणहून काही बोलू नका. नोकरी आहे तुमची, लग्न व्हायचंय. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगू नका, एवढंच.”

“विचारलं तर खरं सांगेन, बाई.”

हे मी मराठीत म्हटलं होतं, मनात बोलून घेऊन.

चौकशीला पंचायत समितीतून विस्तार अधिकारी आले. मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये त्यांनी एकेकाला बोलावलं. समोर सचिव, बाजूला मुख्याध्यापिका, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बाई, मांडीवर पर्स धरून. तक्रारदार म्हणून त्यांना बसवून ठेवलं होतं. बावीस जणांमध्ये माझा नंबर नववा होता. आधीचे आठ जण एका मिनिटाच्या आत बाहेर आले होते.

साहेबांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “अरे, तुम्ही वळसंगच्या बाईंच्या भाची ना? इंग्रजी वाचनाच्या कार्यक्रमाला आला होतात की आमच्याकडे.”

मी मान हलवली. मावशीनं एका सुट्टीत मला तिच्या शाळेत नेलं होतं. तेव्हा हेच साहेब पाहुणे होते.

“मग बरं झालं. बाईंच्या घरातलं माणूस म्हणजे आडपडदा नाही.” त्यांनी पगारपत्रक माझ्याकडे फिरवलं. “बत्तीस हजारांवर सही तुमचीच? एवढे मिळतात?”

मला आत्ताही तो क्षण वेगळा काढून बघता येतो. सचिव पेनाचं टोपण उघडमिट करत होते. मला त्यांची भीती वाटली नाही. मला दिसत होतं की शिक्षकांच्या पुढच्या मासिक परिषदेत साहेब मावशीला गाठून म्हणतायत, “बाई, तुमच्या भाचीच्या हातात चौदाच पडतात म्हणे.” मला पप्पा दिसत होते, पेढ्यांचा बॉक्स घेऊन गल्लीत उभे.

“येस सर,” मी म्हटलं.

“सगळे?”

“येस सर.”

पहिल्या उत्तराला बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी त्या पर्सची चेन लावत होत्या. ती आधीच लागलेली होती.

शाळेत सगळ्यांना वाटलं की मी नोकरीसाठी खोटं बोलले. बाईंनाही तेच वाटलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “असू द्या, मॅडम. पोटाचा प्रश्न असतो.” पोटाचा प्रश्न असता तर मला थोडं कमी वाईट वाटलं असतं. माझ्याशिवाय घर उपाशी राहणार नव्हतं. मी एका बाईची म्हातारपणाची सोय घालवली होती, घरी रविवारी जेवताना माझा आकडा मोठा राहावा म्हणून. त्यानंतर मी मधल्या सुट्टीत लॅबमध्ये डबा खाऊ लागले. बाईंनी मला बोलावलं नाही.

तक्रारीत तथ्य आढळून आलं नाही, असं पत्र शाळेला आलं. त्या महिन्यापासून खिडकीत पाकिटं घेणं चालू राहिलं, पावत्या देणं बंद झालं.

पुढच्या रविवारी मावशी खुशीत होती. “साहेब भेटले होते गं. म्हणाले, तुमच्या भाचीच्या शाळेची कोणीतरी उगाच तक्रार केली होती, पण भाचीनं स्पष्ट सांगून टाकलं.”

“बघा,” पप्पा म्हणाले. “खासगी म्हणजे सगळे चोर नसतात, अक्का.”

“कोण गं ती बाई?” मावशीनं विचारलं. “ज्या ताटात जेवलं त्यालाच नावं ठेवायची म्हणजे...”

“आहे एक,” मी म्हटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्या उन्हाळ्यात दोघीही निवृत्त झाल्या. वळसंगला मावशीचा निरोप समारंभ झाला. गावानं तिला फेटा बांधला, साडीचोळी केली. तिच्या हाताखाली शिकलेला एक माणूस भाषण करायला उठला आणि रडून खाली बसला. पेन्शनची कागदपत्रं आधीच वर गेली होती; केंद्रप्रमुख सांगत होते की सेवापुस्तकात एक नोंदही अडलेली नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बाईंना एप्रिलअखेर आम्हा सगळ्यांसारखंच पत्र मिळालं. फरक एवढाच की जूनमध्ये त्यांना दुसरं आलं नाही. स्टाफरूममधलं त्यांचं कपाट कोणी रिकामं केलं, ते मला माहीत नाही. मी लॅबमध्ये होते.

जूनमध्ये एका रविवारी मावशी चष्मा आणि कोरे कागद घेऊन आली.

“तुमच्या शाळेत मराठीची जागा निघालीय म्हणे. पेन्शन आहे मला, पगाराची हाव नाही. पण पोरांशिवाय लई सुनं वाटतं. टाकू का अर्ज?”

“टाका की अक्का,” पप्पा म्हणाले. “खासगीत या एकदा. काम काय असतं ते कळेल.”

“अन् पूर्ण पगार देतात, ते तर साहेबांनीच सांगितलंय.” तिनं लिहायला सुरुवातही केली होती. मी पाहिलं, पहिली ओळ होती : ‘माझी भाची आपल्या शाळेत कार्यरत असून...’

“मावशी, नको.”

“का गं? म्हातारी झाले म्हणून लाज वाटते का माझी?”

“तिथं पूर्ण पगार देत नाहीत.”

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी आत गेले आणि माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलमधून पावत्या आणल्या. नीट लावलेल्या होत्या, महिन्यावार. मावशीनं दोन-तीन वाचल्या. पप्पांनी एक घेतली, उलटीसुलटी केली, आणि पाण्याची मोटार बंद करतो म्हणून बाहेर गेले. मोटार चालू नव्हती.

“आणि साहेबांना तू काय सांगितलंस?”

मी सांगितलं. कोणासाठी खोटं बोलले तेही सांगितलं. मावशी बराच वेळ कागदाच्या कडा जुळवत बसली.

“मी काय तुझ्या पगाराला नजर लावणार होते का गं?” ती म्हणाली. आणि नंतर, “त्या बाईला मी त्या दिवशी काय काय बोलले. तू ऐकून घेतलंस.”

मम्मीनं त्या दिवशी ताटं वाढली, पण पप्पा आणि मावशी एकमेकांशी बोलले ते फक्त मीठ आणि ताकाविषयी.

पुढच्या शनिवारी मी पावत्या घेऊन बाईंच्या घरी गेले. पूर्व भागातली अरुंद गल्ली, शेजारच्या घरात माग चालू होता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं. मला ते फार जड गेलं. बाईंनी खुर्ची पुसून दिली. यजमान कॉटवर बसून होते. भिंतीला एक लहान फळा टेकवलेला होता. बाई आता घरी शिकवण्या घेत होत्या. फळ्यावर तारीख मराठीत होती.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी वरची पावती वाचली.

“माझ्या पावत्या मी कधी ठेवल्याच नाहीत,” त्या म्हणाल्या. “लाज वाटायची. स्टॉपवर उभी राहून फाडून टाकायचे. तुम्ही बऱ्या जपल्यात.”

“या तुम्हाला उपयोगी पडतील, बाई.”

“यावर तुमचं नाव आहे, मॅडम. मी घेऊन गेले तर साहेब विचारतील, या बाई कुठे आहेत? त्या तर येस सर म्हणाल्या होत्या.” त्यांनी पावत्या परत पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. “या तुम्हालाच न्याव्या लागतील. चहा घेता ना?”

मी चहा घेतला. पावत्या त्यांच्या हातात देऊन मोकळं व्हावं म्हणून मी तिथं गेले होते, हे मला तो चहा संपवताना कळलं.

जबाब मी स्वतः लिहिला. मावशीनं तो लाल पेननं तपासला. ‘पगार कमी मिळत असल्याचे मला जाणवते’ असं मी लिहिलं होतं. तिनं ते खोडलं. “जाणवतं काय? हातात किती राहतात ते लिही.” पंचायत समितीत ती माझ्याबरोबर आली, पण जिन्यापाशीच थांबली. “माझी ओळख वर न्यायची नाही,” म्हणाली.

साहेबांनी कागद वाचला, पावत्या चाळल्या. या वेळी त्यांचा चेहरा मोकळा झाला नाही.

“म्हणजे त्या दिवशी खोटं बोललात.”

“हो, सर.”

“का? दबाव होता?”

हो म्हणणं सोपं होतं. त्या दिवशी सचिव समोरच बसले होते, कोणालाही पटलं असतं. मी मनात बोलून घेतलं.

“नाही. घरी पगार जास्त सांगितला होता. मावशीला कळेल म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागद माझ्याकडे सरकवला. “हेही लिहा खाली.”

मी उभ्यानंच लिहिलं. त्यांच्या टेबलावरचा पंखा कागद उडवत होता आणि एका शिपायानं तो दोन बोटांनी धरून ठेवला, त्यामुळे त्यानंही वाचलं. फेरचौकशी होईल की नाही, हे साहेबांनी सांगितलं नाही; वर पाठवतो, एवढंच म्हणाले. कागदावर आवकचा शिक्का बसला. खाली मावशी रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होती. मला बघून तिनं ती अर्धवट सोडली.

ते होऊन तीन आठवडे झाले. मधे जुलैची पाच तारीख येऊन गेली. मी बँकेतून अठरा हजार काढले, पाकिटावर नाव लिहिलं आणि रांगेत उभी राहिले. शाळेत अजून कोणाला काही कळलेलं नाही. खिडकीत पाकीट सरकवलं तेव्हा मागच्या नवीन मॅडमनं हळूच विचारलं, हे दर महिन्याला असतं का. बाईंच्या जागेवर त्या आल्या आहेत.

मी हो म्हटलं, मराठीत, आणि वर्गावर गेले.